सरांचं खाकरणं

सर खाकरल्याशिवाय कुठल्याही दारातून आत गेले नाहीत. खेळाडूंच्या वसतिगृहात तर नाहीच नाही. दाराबाहेर उभं राहायचं, घसा साफ करायचा, मग खाली वाकून बुटाची नाडी, जी कधी सुटलेली नसायचीच, ती सोडून पुन्हा बांधायची, आणि उठता उठता पुन्हा एकदा खाकरायचं. तेवढ्या वेळात आत कपाटाचे खण सरकायचे, बॅगांच्या चेन ओढल्या जायच्या, कुणीतरी उगाच नळ सोडायचं. सगळं शांत झालं की सर हसत आत शिरायचे आणि विचारायचे, "काय, झोप झाली का नीट?"

झाडलोट करणाऱ्या बायका म्हणायच्या, किती सभ्य माणूस. मुलं पाठीमागे त्यांना खाकरेसर म्हणायची. सरांना ते नाव पक्कं ठाऊक होतं, फक्त त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं.

न ऐकणं आणि न बघणं हीच तर सरांची खरी विद्या. एरवी नजर म्हणाल तर घारीची. मैदानाच्या पार पलीकडे धावणाऱ्या पोराची टाच कशी पडते ते बघून सांगायचे, याची नडगी आठवड्याभरात धरणार, आणि ती धरायचीच. कोण रात्री जागलंय, कोण घरच्यांशी भांडून आलंय, सगळं त्यांना चालीवरून कळायचं. पण एखादा पोरगा सुट्टीहून परत येताना मान जाड करून आणि पाठभर पुटकुळ्या घेऊन आला, कालपर्यंत जिथं धापा टाकत होता तिथं गाणं गुणगुणत पळायला लागला, की सरांना अचानक दिसेनासं व्हायचं. "मेहनतीचं फळ आहे," म्हणायचे. बिचारी मेहनत. तिच्या नावावर सरांनी काय काय खपवलं.

मैदानाच्या फाटकासमोर पावडरवाल्याचं दुकान होतं. पुढच्या बाजूला प्रोटीनचे डबे, आणि पडद्यामागे जे काय असायचं ते. सर त्या फुटपाथवरून कधी चालले नाहीत. पलीकडच्या बाजूनं जायचे, मान मैदानाकडे वळवून. पण नवा पोरगा आला, जीव तोडून पळाला आणि तरी मागे पडला, की सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "मेहनत सगळेच करतात रे. वरचं ज्याचं त्यानं बघायचं." बस्स, एवढंच. हुशार पोरं लगेच समजायची. भोळ्यांना मोठी पोरं समजावून सांगायची. सर मात्र त्या गावचेच नव्हते.

मागे एक भालाफेकपटू उत्तेजकांच्या तपासणीत सापडला. तेव्हा सर पत्रकारांपुढे चक्क रडले. "पोटच्या पोरासारखा वाढवला आणि त्यानं माझ्या पाठीत सुरा खुपसला," म्हणाले. पोरगा बंदी घेऊन घरी गेला, आता कुणाची तरी गाडी चालवतो. सरांना मात्र लोकांची सहानुभूती मिळाली आणि शिस्तपालन समितीवर खुर्ची. साप मेला, काठी शाबूत राहिली, वर काठीचा सत्कारही झाला.

खाकरण्याची ही विद्या घरचीच होती. वडील मागच्या खोलीत दार लोटून प्यायचे. जेवायची वेळ झाली की आई या थोरल्याला बोलवायला पाठवायची, आणि तो दाराशी उभा राहून आधी खाकरायचा, म्हणजे वडिलांना बाटली पेटीमागे सरकवायला वेळ मिळायचा. सगळी आळी म्हणायची, काय समजूतदार पोर आहे. वडील यकृत सडून गेले तेव्हाही हे समजूतदार पोर दाराबाहेरच उभं होतं. मागे धाकटी बहीण, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून.

त्याच बहिणीनं पुढं आपली मुलगी आणून सरांच्या हवाली केली. बहीण पोस्टात नोकरीला, नवरा नाही, ही एकुलती एक. लहानपणी घरभर गरगरायची म्हणून सरांनीच तिचं नाव भिंगरी ठेवलेलं. बहीण म्हणाली, "दादा, पदक आणलं तर बरंच आहे, नाही आणलं तरी चालेल. पण पोर मला जशी देते तशी धड परत दे."

"वेडी आहेस का," सर म्हणाले. "मामाच्या घरी ठेवल्यासारखी आहे ती." आणि भाचीला बाजूला घेऊन सांगितलं, "इथं मामा नाही म्हणायचं. सर म्हणायचं, अहो-जाहो करायचं."

भिंगरी पळायची सुरेख. पण यायची चौथी. पायाचा अंगठा जरा पुढं असता तर तिसरी झाली असती अशी चौथी. पुढच्या तिघी कशाच्या जोरावर पळतात ते सरांना माहीत होतं, कारण त्यातल्या दोघी त्यांच्याच होत्या. एका संध्याकाळी ती घाम पुसत त्यांच्यापाशी आली. "सर, मी नेमकी कुठं कमी पडते?"

सरांकडे याचं खरं उत्तर होतं. कुठंच नाही, पोरी. तू चौथी नाहीस, तू पहिली आहेस. एवढंच सांगायचं होतं, आणि ते सांगायला लागणार होती जरा लाज. सरांनी स्टॉपवॉचची दोरी बोटाभोवती गुंडाळली आणि म्हणाले, "मेहनत सगळेच करतात. वरचं ज्याचं त्यानं बघायचं."

सख्ख्या भाचीला हे वाक्य. त्याच आठवड्यात भिंगरी रस्ता ओलांडून पावडरवाल्याच्या दुकानात गेली. सर पलीकडच्या फुटपाथवर होते, मान मैदानाकडे वळवून.

मग ती पहिली यायला लागली. सगळे सरांचं अभिनंदन करायला लागले. भिंगरीचा जबडा रुंद झाला, हनुवटीवर केस आले, ते ती सकाळी दार लावून काढायची. पाळी थांबली. एक दिवस बहिणीचा फोन आला. "दादा, तिच्या आवाजाला काय झालंय? मी म्हटलं, जरा भिंगरीला फोन द्या हो, तर म्हणते, आई, मीच बोलतेय."

"मैदानात ओरडून ओरडून घसा बसतो पोरींचा," सर म्हणाले. "गुळण्या करायला सांगतो." आणि खरोखरच सांगितलं. भिंगरी म्हणाली, "हो सर. कोमट पाण्याच्या ना?"

पुढं पुढं तिच्या छातीत धडधडायला लागलं. सराव संपून तासभर झाला तरी थांबेना. भेदरून ती सरांकडे आली. मैदानावर सगळे ओळीत उभे होते. "सर, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी गेले काही महिने..."

सरांनी शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली. ओळ सुटली, सगळे पळाले. भिंगरीही पळाली, सवयीनं, तसंच धडधडतं काळीज घेऊन. फेरी संपवून ती परत आली तेव्हा सर ऑफिसात चहा घेत होते. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार? भिंगरीनं पुन्हा सरांना काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी तिनं आईला फोन लावला. म्हणाली, सत्काराला ये, आणि आधी माझ्या खोलीवर ये.

सत्कार सरांचा होता. संघटनेनं त्यांना आदर्श प्रशिक्षक ठरवलं होतं. खाली सभागृहात हार आले होते, गावोगावचे प्रशिक्षक कडक इस्त्रीचे कपडे घालून जमले होते. सरांच्या खिशात भाषण होतं, विषय 'निर्मळ खेळ'. पाठ झालं होतं, तरी खिशात असलेलं बरं.

बहीण आली ती प्रवासाच्या पिशवीसकट. "आधी पोरीला बघते," म्हणाली.

"चल ना, मीच नेतो," सर म्हणाले. दोघं जिना चढून वसतिगृहाच्या लांब बोळात आले. दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं. भिंगरीची खोली मधोमध. सर दाराशी थांबले आणि पाय जसे आपोआप पडतात तसे खाकरले.

झालं. साऱ्या बोळात खळबळ उडाली. डावीकडे खण सरकला, उजवीकडे चेन ओढली गेली, टोकाच्या खोलीत काहीतरी पडून घरंगळलं, एकदम दोन नळ सुटले. सर नाडी बांधायला वाकले होते. वर बघतात तो बहीण त्यांच्याकडे बघत होती. तिचा चेहरा लहानपणी सदरा धरून उभी असायची तेव्हासारखाच झाला होता.

फक्त समोरच्या खोलीतून काही आवाज आला नाही. सर उठले आणि दुसऱ्यांदा खाकरले, जरा जोरात. तरी काही नाही. त्यांनी तिसऱ्यांदा घसा साफ केला. ही त्यांच्या सबंध कारकिर्दीतली पहिलीच वेळ.

दार उघडलं. "मामा, ये," भिंगरी त्या जाड आवाजात म्हणाली. "आज मी काही आवरलेलं नाही."

कॉटवर स्वच्छ चादर होती आणि तिच्यावर सगळं नीट मांडलेलं होतं. छोट्या बाटल्या, सुया, गोळ्यांची पाकिटं. हा सूर्य आणि हा जयद्रथ. बहीण दारातच भिंतीला धरून उभी राहिली. मग आत जाऊन तिनं आधी मुलीला जवळ घेतलं. तिच्या हनुवटीवरून हात फिरवला.

आता सरांना फुरसत मिळाली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हे काय करून बसलीस? माझ्या नाकाखाली? मला काडीची कल्पना असती तर..."

"मग दाराशी खाकरलास कशाला?" भिंगरीनं विचारलं.

सरांनी तोंड उघडलं, पण आज तिथं शिट्टी नव्हती.

"दादा," बहीण म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "बाबांच्या दाराशी खाकरायचास तेव्हा तू पोर होतास. बाबा गेले, तरी मी तुला कधी बोलले नाही. माझ्या पोरीच्या दाराशी उभा होतास तेव्हा कोण होतास तू?"

खालून माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. बहीण मुलीचे कपडे पिशवीत भरू लागली. भिंगरीनं चादरीवरचं सगळं एका डब्यात भरलं, डॉक्टरांना दाखवायला, आणि नंतर तपासणीवाल्यांनाही. सगळं सांगणार होती ती. पळणं संपलं तर संपलं, म्हणाली, पण हे धडधडणं थांबायला हवं.

भाचीला धडधडतंय हे सरांनी आता तरी ऐकलं असेल, असं वाटतं ना? त्यांनी मागं वळून बोळ रिकामा आहे ना ते पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "माझं नाव नाही ना घेणार?"

भिंगरीनं डब्याचं झाकण लावलं. "तुमचं काय सांगणार सर?" ती म्हणाली. मामा संपला होता. "तुम्ही काही दिलं नाहीत, काही विचारलं नाहीत, काही बघितलं नाहीत. खाकरलात तेवढं सांगेन."

मायलेकी जिना उतरल्या, फाटकातून बाहेर पडल्या आणि पावडरवाल्याच्या दुकानावरून, त्याच फुटपाथनं, दवाखान्याकडे गेल्या. बहिणीनं पोरीचा दंड घट्ट धरला होता. जशी दिली तशी परत मिळाली नव्हती, पण जिवंत मिळाली होती.

आणि सर? सर सत्काराला गेले. न जाऊन सांगतात कुणाला. सभागृहाचं दार लोटलेलं होतं. आत अध्यक्ष त्यांच्या निष्कलंक कारकिर्दीबद्दल बोलत होते. सरांनी कोट सारखा केला, खिशातलं भाषण चाचपलं, आणि दाराशी सवयीनं खाकरले.

आत बसलेले सगळे प्रशिक्षक सावरून बसले.