सगळ्यांच्या प्रार्थनेचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. झाशीत सिपरी बाजारामागच्या एका गल्लीत छोटेसे कॅथलिक प्रार्थनाघर आहे, तिथे डावीकडच्या पहिल्या ओळीत माझी जागा. मला माणसांचे चेहरे फारसे कळत नाहीत. कोण कसे बसते, कोण गुडघे कसे टेकते, कोण पाठ टेकून सुस्कारा सोडते, यावरून मी त्यांना ओळखतो. आयुष्यभर हाच उद्योग केल्याने मी थोडा आगाऊ झालो आहे, तेवढे सांभाळून घ्या.

माझे लाकूड साल वृक्षाचे. आधी मी रेल्वेचा स्लीपर होतो, म्हणजे रुळांखाली आडवा टाकलेला ओंडका. पुढे सिमेंटचे स्लीपर आले आणि आम्हा लाकडी मंडळींना कडेला टाकून दिले. एका सुताराने मला कापले, रंधले, खिळ्यांची भोके बुजवली आणि चार पाय व पाठ लावून माझा बाक केला. खाली गुडघे टेकायला एक फळीही जोडली. काम करताना तो सारखा कुरकुरत होता, “अरे, कितनी सख़्त लकड़ी है!” ती मला मिळालेली पहिली शाबासकी, असे मी आजही मानतो.

इथे आलो तेव्हा मला वाटले होते, प्रार्थना ही एकच गोष्ट. सगळे कॅथलिक ती एकाच रीतीने करत असणार. माझा तो समज लवकरच गळून पडला.

सिस्टर क्षमा कार्मेल नावाच्या संन्यासिनींच्या संघातल्या. त्या येतात, बसतात आणि मग काहीच करत नाहीत. ओठसुद्धा हलवत नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटले, बाईंना डुलकी लागली! एकदा एक मुंगी माझ्या कडेवरून त्यांच्या बोटांवर चढली आणि सावकाश पलीकडे उतरली, तरी बोट हलले नाही. अविलाच्या संत तेरेसा यांच्या वाटेने जाणारी ही माणसे देवाच्या शेजारी मित्रासारखी गप्प बसतात, हे मला हळूहळू उमगले.

भीमरावांचे अगदी उलटे. ते रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पवित्र आत्म्याच्या प्रार्थनासभेत रमलेले. ते बसतच नाहीत. हात वर करून, टाळ्या वाजवून ते “हल्लेलुया” म्हणाले की माझे चारही पाय थरथरतात. शेजारच्या चहावाल्याची गिऱ्हाइके कप हातात घेऊन दारातून डोकावतात.

एक वर्ष एक फ्रान्सिस्कन ब्रदर मुक्कामाला होते. ते माझ्यावर न बसता फरशीवर बसत आणि रोज झाडू मारत. असिसीच्या संत फ्रान्सिसला सगळी सृष्टी भावंडांसारखी होती. हे ब्रदरही माझ्यावरून फडके फिरवताना विचारत, “कैसे हो, भाई?” खिडकीतल्या चिमण्यांनाही ते तेच विचारत, हे मी बाजूला ठेवतो. तोवर मला कुणी भाऊ म्हटले नव्हते, आणि त्या ब्रदरांचा मी अजून ऋणी आहे.

पण माझ्या डाव्या कोपऱ्याचे खरे धनी म्हणजे साळवे कुटुंब. बापूराव साळवे संगमनेरकडचे, रेल्वेच्या नोकरीने झाशीत आले आणि इथलेच झाले. त्यांची पत्नी विद्याबाई रोज संध्याकाळी जपमाळ सांगत. इथे जपमाळेला माला विनती म्हणतात. पवित्र मरियेची तीच ती प्रार्थना दहा दहा वेळा म्हणायची आणि प्रत्येक दहांच्या आरंभी येशूच्या जीवनातला एक प्रसंग आठवायचा. विद्याबाईंचा आवाज खणखणीत. हिंदीत प्रार्थना सांगता सांगता त्या मधेच मराठीत नवऱ्याला कोपराने ढोसत, “अहो, जागे व्हा!” कारण बापूराव दरवेळी दुसऱ्या प्रसंगापर्यंत पेंगायला लागत. शेवटच्या आमेनला मात्र त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा.

मग विद्याबाईंना लकवा झाला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणे गेले. इस्पितळातून घरी आल्यावर बापूरावांनी त्यांना इथे आणून बसवले. विद्याबाईंनी डाव्या हाताने आधी आपल्या ओठांकडे आणि मग समोरच्या क्रूसाकडे बोट दाखवले, आणि मान हलवली. बापूराव सिस्टर क्षमांना म्हणाले, “सिस्टर जी, ये कहती हैं, अब मुझसे प्रार्थना नहीं होगी.” एवढे बोलून ते रडले. मलाही फार वाईट वाटले.

सगळे मदतीला धावले. विद्याबाईंवर सगळ्यांचा जीव होता, म्हणूनच पुढचा घोटाळा झाला. प्रत्येकाने त्यांना आपापली रीत शिकवायला घेतली, त्यासाठी पाळ्याही लावल्या.

सिस्टरांनी त्यांना शांत बसायला सांगितले. सिस्टरांना जे मौन गोड लागे, ते बोलक्या विद्याबाईंना शिक्षेसारखे वाटले. त्यांची मुलगी मेघना बँकेत नोकरी करते. ती येशूसंघाच्या कॉलेजात शिकलेली. त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या रीतीने ती बायबलमधल्या शुभवर्तमानातला प्रसंग वाचते आणि आपण तिथेच उभे आहोत असे डोळ्यांपुढे आणते. तिला मराठी सगळे समजते, बोलताना मात्र हिंदी येते. ती म्हणाली, “आई, आँखें बंद करो. सोचो, येसु तुम्हारे सामने बैठे हैं.” विद्याबाईंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. डोळे मिटले की त्यांना इस्पितळच दिसायचे. भीमराव म्हणाले, “भाभी जी, ताली बजाइए, स्तुति कीजिए, आवाज़ खुल जाएगी!” पण टाळीला दोन हात लागतात. विद्याबाईंनी आपल्या लुळ्या हाताकडे पाहिले आणि भीमराव ओशाळून खाली बसले. ते माझ्यावर बसल्याचे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

एके दिवशी कोणाची रीत चांगली यावरून भीमराव आणि मेघना यांच्यात शब्दाने शब्द वाढला, आणि तोही विद्याबाईंच्या डोक्यावरून. विद्याबाईंनी आपली जपमाळ बापूरावांच्या खिशात घातली, माझ्या कडेला धरून उठल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर त्या आल्याच नाहीत. माझा डावा कोपरा रिकामा राहू लागला. बापूराव एकटेच येत. आता ते पेंगत नसत.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. या महिन्यात इथे रोज एकेका घराची प्रार्थना सांगायची पाळी असते. साळव्यांची पाळी आली तेव्हा मेघना म्हणाली, मी सांगते. बापूराव ऐकेनात. संध्याकाळी पाहतो तर काय, ते विद्याबाईंचा हात धरून आत येत होते! माझ्यावर बसता बसता ते त्यांना हळूच म्हणाले, “तुला काही करायचं नाहीये गं. नुसती शेजारी बस. मला भीती वाटते.”

बापूरावांनी सुरुवात केली. घाबरून त्यांनी डोळे गच्च मिटले होते, आणि त्या नादात हातातला मणी पुढे सरकवायचा राहून गेला. दहा प्रार्थना झाल्या, तरी गाडी थांबेना. अकरावी सुरू झाली. लोक चुळबुळ करू लागले, पण भल्या माणसाला टोकायचे कोणी?

तेवढ्यात माझ्या अंगावर टकटक झाली.

विद्याबाईंनी डाव्या हाताच्या अंगठीने मला वाजवले होते. बापूरावांना कळले नाही. बाईंनी पुन्हा वाजवले, या वेळी चांगलेच जोरात. बापूराव दचकले, थांबले, मण्याकडे पाहून म्हणाले, “हो हो, झाल्या!” आणि सगळे हसले. विद्याबाईसुद्धा हसल्या. त्यांचा हसण्याचा आवाज तेवढा शाबूत होता.

पुढची सगळी जपमाळ त्यांनीच चालवली. त्यांनी टकटक केली की दहांची फेरी सुरू, टकटक केली की बंद. दोन फेऱ्यांच्या मधे त्या थोड्या थांबल्या. बापूराव घाई करू लागले, तर सिस्टर क्षमा म्हणाल्या, “रुकिए, उन्हें ठहरने दीजिए.” त्या थांब्यात सिस्टरांना आपले मौन मिळाले, मेघनाला तिचा प्रसंग नजरेपुढे आणायला वेळ मिळाला. शेवटी भीमरावांनी गाणे धरले आणि टाळी न देता विद्याबाईंच्या टकटकीवर ताल धरला. प्रार्थना कोणत्या रीतीची झाली, हे कुणी विचारले नाही. मी साऱ्या अंगाने शहारलो होतो. माझ्यासारख्या लाकडाच्या नशिबी एका बाईचा आवाज होणे आले, याचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू?

मित्रांनो, आता माझ्या डाव्या कडेवरचे पॉलिश तेवढ्याच जागी उडून गेले आहे आणि तिथे एक बारीक खळी पडली आहे. नाताळआधी पॉलिशवाला आला होता. तो ती बुजवायला लागला, तेव्हा बापूराव आडवे आले, “रहने दो भैया, ये हमारी श्रीमती जी की आवाज़ है.” मला जपा, पण असे जपा. आणि तुमच्या घरात, शेजारात कुणाची प्रार्थना अडली असेल, तर आपली रीत शिकवायची घाई करू नका. आधी त्याच्याजवळ बसा, जमल्यास त्याचीच थोडी मदत मागा.

एक गुपित सांगतो. बापूरावांना आता जपमाळ पाठ आहे. त्यांची बोटे माझ्या कडेवर टेकलेली असतात, त्यामुळे मला पक्के ठाऊक आहे की दहावा मणी त्यांच्या चिमटीत बरोबर असतो. तरीही रोज ते अकरावी प्रार्थना सुरू करतात, आणि वाट पाहतात.