पिवळ्या झग्यातली मुलगी

चौकटवाल्या काकांनी पक्कडीने शेवटचा खिळा उपसला.

"जरा धरा, ताई. नाकापेक्षा मोती जड झालाय."

संग्रहालयासाठी मजकूर लिहिणारीने सोनेरी चौकटीची खालची कड दोन्ही हातांनी धरली. लाकडाला भुंगा लागला म्हणून हे चित्र आज पहिल्यांदाच चौकटीबाहेर निघत होतं. उद्या दालन उघडायचं होतं, आणि चित्राशेजारी लावायच्या पाटीचं घोंगडं अजून भिजतच होतं.

टेबलापाशी उभ्या असलेल्या प्रमुखांनी तिच्या कागदावरची ओळ खोडली.

"परत तेच? म्हणे ही मुलगी दाराकडे बघतेय. चित्रात दार आहे कुठे?"

"चित्राबाहेर असेल, सर."

"चित्राबाहेर हत्तीही असेल."

ती चौकटीच्या कोरीव पानांमधली धूळ अंगठ्याने काढत राहिली.

चित्रात दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा बड्या घरातली संध्याकाळ होती. झुंबरं, रेशमी झगे, ताठ कॉलरींचे पुरुष. मधोमध एक तरुणी बोटातली नवी अंगठी दाखवतेय आणि बायकांचा घोळका तिच्यावर ओणवलाय. उजव्या कडेची पिवळ्या झग्यातली मुलगी तेवढी त्यांच्याकडे पाठ करून, पंखा मिटून, कडेपलीकडे काहीतरी बघतेय. आर्जवाने, आसुसून.

सर म्हणत, हा मत्सर. अंगठी बघवत नाही तिला. लिहिणारी म्हणे, या सगळ्याला विटलीय ती, निघायच्या बेतात आहे. दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत सरांचा मत्सर छापला जाई आणि त्याखाली नाव तिचं. आई तर एकदा म्हणाली होती, "तुला बाई सगळ्याच मुली दाराकडे बघताना दिसतात. स्वतः एकदा नीघ तरी."

चौकट सुटली. काकांनी ती उलटी करून बघितली.

"ही या चित्राची नव्हेच. दुसऱ्या कुठल्यातरी चित्राची कापून बसवलीय. सगळ्या बाजूंनी चार-चार बोटं चित्र गिळलंय हिनं."

आजवरचे सगळे फोटो चौकटीसकट काढलेले. भांडले ते दोघंही त्यांच्यावरूनच.

ती वाकली. कडेचा रंग उजेड न लागल्याने अजून ताजा होता. आणि उजवीकडे, मुलीच्या नजरेच्या थेट टोकाला, एक खुर्ची होती. लाल मखमलीची, रिकामी. खाली, पिवळ्या झग्याच्या घेराखाली एक रेशमी जोडा पायातून निम्मा निसटलेला.

सर शेजारी येऊन वाकले. बराच वेळ बघितलं आणि मग खो खो हसले.

"पाय दुखताहेत गं तिचे."

तिला हसू आलं नाही. खुर्चीमागे सलग भिंत होती, दार कुठेच नव्हतं.

"चला, मत्सर गेला. हरलो मी," सर डोळे पुसत म्हणाले. "तुझं दारच छापू. संध्याकाळी चौकट परत चढेल, खुर्ची कुणाला दिसणार आहे? इतकी वर्षं डोकं खाल्लंस, घे एकदाचं."

हे शब्द ऐकायला तिने काय काय केलं नव्हतं. तिने काकांकडे बघितलं.

"चौकट आतून तासता येईल, काका?"

"भुंग्यानं आधीच पोखरलीय. आणखी तासली तर हातात येईल. आणि नवी उद्यापर्यंत कुठून होणार?"

तिने कागद ओढला. स्वतःची ओळ स्वतःच खोडली आणि खाली लिहिलं: 'ही मुलगी रिकाम्या खुर्चीकडे पाहत आहे. खुर्ची चौकटीखाली झाकली गेली आहे.'

सरांनी वाचलं.

"अगं, लोक चौकट उचकटून बघतील."

"मग नवी करून द्या, सर."

सर कागद घेऊन छपाईला द्यायला गेले.

संध्याकाळी काकांनी औषध मारलेली चौकट पुन्हा चढवली. खुर्ची नाहीशी झाली, जोडाही. मुलगी पुन्हा कडेपलीकडे, लांब कुठेतरी बघू लागली.

मजकूर लिहिणारीने पाटीवरून हात फिरवला आणि चित्राकडे पाठ केली. तिला पुन्हा दारच दिसायला लागलं होतं.