मेणबत्ती वर की खाली

आमच्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला दोन जागा आहेत. जिवंत माणसांसाठी वर, पितळी ताटात; गेलेल्यांसाठी खाली, वाळूत. आई दर रविवारी बाबांची मेणबत्ती खाली लावते, माझी वर लावते, आणि माझ्या धाकट्या भावाची, वेल्कोची, हातात धरून नुसती उभी राहते. मग ती पिशवीत टाकून घरी आणते. वेल्को अकरा वर्षांपूर्वी स्पेनला संत्री तोडायला गेला. आठ महिने फोन यायचे, मग बंद झाले. स्वयंपाकघरातला एक खण मेणबत्त्यांनी भरला होता. चमचे मी दुसरीकडे हलवले होते.

पाद्री म्हणाले, "वर लावा हो, देव बघून घेईल."

"देव बघेल," आई म्हणाली, "पण तो मेला असला, तर तिकडे अंधारात बसलाय. आणि जिवंत असताना मी खाली लावली, तर आईनंच पुरला म्हणायचा."

पाद्र्यांनी हात टेकले. पोलिसांनी त्याआधीच टेकले होते. त्यांच्या मते सज्ञान माणसाला हरवायचा हक्क आहे.

राहता राहिला समोरच्या इमारतीतला इंजिनियर कोकारोव. आयुष्यभर जमिनी मोजल्या, आणि निवृत्तीनंतर घरबसल्या लांबचं बघायला लागला. एका बाईची हरवलेली मावशी वार्नाच्या सरकारी दवाखान्यात आहे असं त्यानं सांगितलं, आणि ती सापडली. दुसऱ्याच दवाखान्यात सापडली, पण वार्नातच.

तो कपात उरलेला कॉफीचा गाळ बघून सांगणार, असं समजून आईनं कॉफी केली. त्यानं ती प्यायली आणि कप विसळून ठेवला.

"कपात बघणं हा बायकांचा उद्योग झाला, बाई. आपली पद्धत आहे."

पद्धत अशी की वेल्कोचा फोटो लिफाफ्यात घालून चिकटवायचा. त्यानं त्यावर सहा आकडे लिहिले, आलेखाचा कागद पुढे ओढला, पेन्सिलीला टोक केलं आणि डोळे मिटले.

"पत्र्याचं पिंप. धूर. लाल काहीतरी. डोक्याला रुमाल बांधलेली बाई."

"ती आई," मी म्हणाले. "सकाळी खाली अंगणात पिंपावर हिवाळ्यासाठी मिरच्या भाजत होतो. सप्टेंबर आहे. अख्खा बल्गेरिया मिरच्या भाजतोय."

"जवळचं आधी दिसतं, रेडिओसारखी खरखर येते," तो म्हणाला. त्यानं नवा कागद घेतला. "दार. तपकिरी. त्यावर कागद. कागदावर त्याचा चेहरा." पेन्सिल चालत होती. "समोर आणखी एक चेहरा. केस नसलेला."

"दोन का काढलेत?"

"दिसले तेवढे काढले. मी मोजतो. अर्थ लावायचं काम माझं नाही."

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, बस थांब्यावर, झाडांवर लावतात. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, मग दर वर्षी. दारावरच्या अशा कागदाला दुसरा अर्थच नाही. आईनं ते चित्र चष्मा लावून पाहिलं.

"केस नसलेला म्हणजे कवटीच ती," ती म्हणाली आणि भाजलेल्या मिरच्या सोलायला बसली.

दुसऱ्या दिवशी ती छापखान्यात गेली. मृत्यूची तारीख लागते म्हणाले, तेव्हा तिनं वेल्कोच्या शेवटच्या फोनची तारीख दिली. फोटो कुरळ्या केसांचा, चोविसाव्या वर्षीचा होता. कणकेची खळ शिजवून तिनं पहिला कागद स्वतः आमच्या दारावर चिकटवला. मग खणातल्या सगळ्या मेणबत्त्या चर्चमध्ये नेऊन खाली लावल्या. वाळू दिसेनाशी झाली. पाद्री पाण्याची बादली घेऊन शेजारी उभे राहिले. एक मेणबत्ती मात्र तिनं मागे ठेवली होती. मी तिथंच रडले. अकरा वर्षं मला वेल्कोचा राग होता, आणि आता रागवायला माणूसच उरला नव्हता.

नवव्या दिवशी फोन वाजला.

"रुस्काताई, मी मेलो असं कुणी सांगितलं?"

गावातल्या कुणीतरी बस थांब्यावरच्या कागदाचा फोटो काढला होता, आणि तो फिरत फिरत स्पेनमध्ये वेल्कोपर्यंत पोचला होता. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "इंजिनियरनं."

"कुठल्या इंजिनियरनं?"

आईनं फोन घेतला. थोडा वेळ ऐकलं. मग विचारलं, "अकरा वर्षं काय करत होतास?"

"घरी सांगण्यासारखं काही जमलंच नाही, आई. आज जमेल, उद्या जमेल म्हणत राहिलो. मग लाज वाटायला लागली."

"दारावर तुझा कागद आहे," आई म्हणाली. "लावला मी, आता काढ तू. मी हात लावणार नाही." तिनं फोन ठेवला आणि होती तिथंच जमिनीवर बसली. मी तिच्या रुमालाची गाठ सैल केली.

इंजिनियरला झाडायला मी तशीच त्याच्याकडे गेले.

"दारावर कागद होता की नाही?" त्यानं विचारलं.

"तुम्ही सांगितलंत म्हणून लावला."

"पण होता ना?"



स्पेनहून बसला तीन दिवस लागतात. चौथ्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले, तर आमच्या दारासमोर एक जाडा, पार टकला माणूस पिशवी घेऊन उभा होता. त्याच्या समोर कागदावर कुरळा वेल्को. दोघं एकमेकांकडे बघत होते. मला आलेखाचा कागद आठवला आणि मी जिन्यातच थांबले.

त्याच्या पावलांचा आवाज आईनं ऐकला असावा. आतून विचारलं, "काढलास का?"

"निघत नाहीये, आई. कशानं चिकटवलंस?"

"खळीनं."

"दार तरी उघड."

"आधी काढ."

तो नखांनी खरवडायला लागला. खरवडता खरवडता रडायला लागला, पण हात थांबवला नाही. आतून कडीचा बारीक खडखडाट येत होता. आईचा हात केव्हाचाच तिच्यावर होता.

"झालं का?"

"कोपरा राहिलाय."

"किती?"

"नखाएवढा."

कडी निघाली. आई बाहेरचा कोट घालून, रुमाल बांधून उभी होती. हातात ती मागे ठेवलेली मेणबत्ती. तिनं वेल्कोच्या टकलावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"बूट काढू नकोस," ती म्हणाली. "चर्च पाचला बंद होतं. ही वर लावायचीय."