हरवलेल्या म्हाताऱ्याची पोस्ट

बापाला घरात कोंडून ठेवायचं हे चावीवाल्याला पटत नव्हतंच; पण त्याहून मोठी अडचण अशी, की ते जमतही नव्हतं. म्हाताऱ्याने पन्नास वर्षं लोकांची कुलपं उघडली होती. आता त्याला सुनेचा चेहरा आठवत नसे, आपण जेवलो की नाही तेही आठवत नसे, पण बोटांना सगळं पाठ होतं. चावीवाला दाराला कुलूप लावून चहा टाकायला वळला, की मागे 'खट्' आणि म्हातारा जिन्यात.

"स्प्रिंग ढिली आहे हो. कोणी बसवलंय हे?"

"मी बसवलंय, बाबा."

"तरीच."

मागच्या वर्षी चावीवाल्याने याचाच व्हिडिओ टाकला होता: बाबा, एक हेअरपिन, अकरा सेकंद. दोन लाख लोकांनी तो पाहिला. तेव्हापासून फोन त्याला कुलपांखेरीज काही दाखवीनासा झाला. त्यातलीच एक जाहिरात त्याच्या मनात भरली. फोनवरून बंद होणारं कुलूप, चावीचं भोकच नाही, 'जगात कोणीही उघडू शकत नाही'. असं कुलूप नसतंच, हे गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलेल्या माणसाने जाहिरात बघून कुलूप मागवलं.

बायको म्हणाली, "डॉक्टर कधी जाहिरात बघून औषध घेतो का?"

"घेत असेल. आपल्याला थोडंच सांगणार आहे."

मंगळवारी कुलूप बसवलं. बुधवारी साडेबाराला चावीवाला दुकानातून वर आला, तर दार सताड उघडं. कुलूप चारही स्क्रूंसकट काढून, पुसून, वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवलेलं. खिशातल्या फोनवर सूचना आलेली होती: 'तुमचं घर सुरक्षित आहे.'

बाहेर रणरणतं ऊन. दोन वाजता हृदयाची गोळी. आणि घरचा पत्ता बाबांना दोन महिन्यांपासून सांगता येत नव्हता.

बायकोने पायात चपला सरकवल्या. "मी डेपोच्या बाजूने जाते, तू पलीकडून ये."

"थांब गं, आधी पोस्ट टाकतो. मिनिटाभरात हजार माणसं शोधायला लागतील. आपण दोघं चालून चालून किती चालणार?"

ती थांबली नाही. त्याने जिन्याच्या पायरीवर बसून पोस्ट टाकली. बाबांचा फोटो, चौकड्यांचा सदरा, स्वतःचा नंबर. फोनने ती इमानेइतबारे कुलपांच्या षौकिनांना वाटली. पाच मिनिटांत उत्तरं आली.

'अकरा सेकंदवाले काका! नाद खुळा!'

'या वेळी कुठल्या कंपनीचं कुलूप होतं?'

'पार्ट टू म्हणायचा का हा?'

एकाने मात्र गंभीरपणे विचारलं, 'शेवटचे कुठे दिसले?' चावीवाल्याच्या जिवात जीव आला. त्याने गल्ली, चौक, डेपो, सगळं सविस्तर लिहिलं. समोरून उत्तर आलं, 'अच्छा. मी परदेशात असतो, सहज विचारलं.'

मग फोनच बोलला: 'तुमची पोस्ट छान चालली आहे! पैसे भरा, आणखी लोकांपर्यंत पोचा.' त्याने भरले. प्रेक्षक फोनने स्वतःच निवडले: कुलपांची आवड असलेले. पोस्टच्या खाली जाहिरात झळकली. तेच कुलूप, आता सवलतीत.

दर दोन मिनिटांनी फोन थरथरायचा. बाबा सापडल्याचाच निरोप, असं वाटायचं. उठून जिना उतरावं म्हटलं, की पुन्हा थरथर आणि हा पुन्हा पायरीवर. दोन वाजले. गोळीची वेळ टळली. तीन वाजले. पायरीवरचं ऊन भिंतीवर चढलं. तो लोकांना हात जोडल्याची चित्रं पाठवत राहिला. 'कृपया मस्करी करू नका' असं लिहिलं, त्याला चारशे हसरे चेहरे आले. मधे मधे कोणाचा तरी कॉल येऊन टायपिंग मोडत होतं. तो त्याने बोटाने वर सारला. तीनदा.

ते तिन्ही कॉल बायकोचे होते.

तिने पाववाल्याला विचारलं होतं, इस्त्रीवाल्याला विचारलं होतं, बसच्या रांगेतल्या एकेकाला थांबवून विचारलं होतं. साडेचारला डेपोच्या भिंतीमागे, कोरड्या गटारात बाबा सापडले. गुडघा फुटलेला, ओठ पांढरेफटक, पायात एकच चप्पल.

डेपोचा वॉचमन तिला म्हणाला, "दोनदा उठवायला गेलो मी, ताई. हलायलाच तयार नाहीत. माझा मुलगा येतोय, एवढंच म्हणतात."

बाबांना दोन दिवस सलाईन लावावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून तासभर उशीर झाला असता तर," आणि पुढचं वाक्य त्यांनी सौजन्याने गिळलं. बायकोने बाबांची उरलेली एक चप्पल त्याच्या हातात दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठव्या दिवशी समोरची शिवणवाली धापा टाकत जिना चढून आली. "अहो, बाबा हरवलेत? मला आत्ता दिसली पोस्ट! मी बघितलं होतं की त्यांना डेपोकडे जाताना!"

"कधी?"

"मागच्या बुधवारी. सव्वाबारा वाजले असतील. खिडकीत मोबाइल बघत बसले होते मी. म्हटलं, निघाले असतील फिरायला."

तिची खिडकी चावीवाल्याच्या पायरीपासून वीस पावलांवर होती. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

पोस्टमध्ये आता कोणीतरी रडकं संगीत घातलं होतं आणि ती गावभर फिरत होती. चावीवाला बाबांना हात धरून दवाखान्यात नेत होता, तर एका धिप्पाड माणसाने त्याचंच मनगट पकडलं.

"सापडले! काका सापडले! तू कोण रे?"

"मुलगा आहे मी त्यांचा."

"सगळे असंच म्हणतात. काका, हा तुमचा मुलगा का?"

बाबांनी चावीवाल्याला शांतपणे न्याहाळलं. "छे."

त्या आठवड्यात त्याला दोनदा पोलीस ठाण्यात नेलं. दुसऱ्या वेळी हवालदाराने नाव न विचारताच खुर्ची पुढे केली.

त्याच संध्याकाळी त्याने खातं बंद करायला घेतलं. फोनने विचारलं, 'आम्हाला का सोडून जाताय?' खाली कारणं दिली होती: जाहिराती फार येतात. कंटाळा आला. थोडी विश्रांती हवी आहे. त्याने यादी दोनदा वाचली. मग 'इतर' निवडून लिहिलं: 'बाप गटारात माझी वाट बघत होता आणि मी तुमच्यापाशी बसलो होतो.' फोन म्हणाला, 'धन्यवाद! तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.'

खातं गेलं. पोस्ट मात्र शंभर लोकांनी उचलून आपापल्या नावावर टाकली होती. ती कोण पुसणार? रविवारी सकाळी शिवणवाली पुन्हा आली आणि हळहळत म्हणाली, "अजून फिरतेय बघा." तिच्या हातातल्या फोटोवर बाबा वाकले.

"कोण हा?"

बाबांनी खालचा मजकूर बोट ठेवून वाचला.

"हरवलाय म्हणे. उन्हात कुठे बसला असेल बिचारा?" बाबा उठले आणि चप्पल शोधू लागले. "तुम्ही सगळे बसलाय काय असे? चला की!"

"बाबा, सापडला तो. घरी आलाय."

"मग इथे कसं लिहिलंय हरवला म्हणून? फोनवर खोटं लिहितील का?"

चावीवाल्याने वाकून त्यांच्या पायात चपला चढवल्या. बापलेक जिना उतरून रस्त्यावर आले. डेपोच्या दिशेने चार पावलं गेल्यावर बाबा थांबले.

"हाक मारायला नाव तरी पाहिजे. नाव काय त्याचं?"

चावीवाल्याने सांगितलं. बाबांनी ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकून घेतलं, आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून हाका मारायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. बाबा मागे वळून खेकसले, "मी एकट्यानेच ओरडू का?"

बापाला नावाने हाक चावीवाल्याने जन्मात मारली नव्हती. त्यानेही दोन्ही हात तोंडाभोवती धरले. मग त्याने मारली.