मेंढपाळांच्या देवाचं पान

मी एक जुनी, दोनशे पानी वही आहे, मित्रांनो. माझी निम्मी पानं कोरीच राहिली. तरी भार पुष्कळ वाहिला असं वाटतं, आता दमले.

जवळा बाजारचे शेषराव कपडे शिवत आणि सप्ताहात कीर्तन करत. कीर्तनात कथा रंगवायला त्यांनी माझ्यात एक मनातला मुलूख वसवला होता, सात डोंगरांपलीकडचा. तिथल्या प्रत्येक जमातीला ते वेगळा धर्म देत. मिठागरवाल्यांचा देव मिठाचा; दरसाल विरघळायचा, आणि लोक न रडता नवा घडवायचे. नावाड्यांना देऊळच नव्हतं, ते वल्ह्याच्या पाया पडत. मेंढपाळांच्या देवाचा एकच नेम: कळपातलं जितराब हरवलं, तर ते सापडेपर्यंत धन्यानं अन्नाला शिवायचं नाही. हे लिहिताना शेषरावांचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला सांगू, मलाही ते पान आवडायचं.

१९९८ साली काल्याच्या कीर्तनात त्यांनी हीच कथा लावली. टाळकरी रंगले, बाया डोळे पुसू लागल्या. हा मुलूख मनातला आहे, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

चौथ्या दिवशी मेंढ्या राखणारा दगडोबा दुकानात आला.

"महाराज, तुमचा देव लई कडक निघाला. आमच्या म्हातारीची मेंढी हरवली. तीन दिस झाले, जेवंना."

"अहो, तो देव मीच बनवलेला हाय."

"मंग तुमीच येऊन सांगा. माझं तर ती लग्नापासून ऐकत न्हाई."

शेषराव मशीन तसंच सोडून, मला काखेत मारून निघाले. दगडोबाच्या घरी त्याची म्हातारी, सत्यभामाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ सुकलेले. शेषरावांनी पान उघडलं.

"माय, हे बघ, माझंच अक्षर. असा देव कुठंच न्हाई."

बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी पानावरून हात फिरवून मलाच नमस्कार केला.

"तुमच्याकडून त्यानंच लिवून घेतलं असंल. मी नेम मोडला अन् ती लांडग्याच्या तोंडी गेली, तर?"

शेषरावांनी पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "शोधणाऱ्यानं आधी भाकर खावी. उपाशी माणसाची हाक लांब जात न्हाई."

"हे आताच सांगितलं व्हय त्यानं?"

"आताच. मला उशिरा ऐकू आलं, माय. चूक माझी."

"भाकरीसंगं कोरड्यासाचं काही बोलला का?" दगडोबानं विचारलं, आणि चुलीकडं वळला.

बाईंनी भाकर खाल्ली, वर पाणी घेतलं आणि काठी उचलली. "चला महाराज, तुमीबी. नेम सगळ्यांलाच."

तिघं दिवस मावळेपर्यंत हाका मारत फिरले. मेंढी सापडली नाही. शेषरावांचा कीर्तनाचा गळा मात्र पार बसला.

पुढं त्यांच्या मनात नवे लोक आले. विणकर आले, मधवाले आले. नावं माझ्यात लिहिली गेली, खाली धर्म नाही. पेन टेकवायचं, थांबायचं, मला मिटायचं. ते गेल्यावर मी कापडाच्या चिंध्यांखाली पडले आहे. वाळवी कडेकडेनं खाते आहे.

मित्रांनो, अशी वही हाती लागली तर ऊन दाखवा, झटका, जपा. कोऱ्या पानांवर तुमचे लोक वसवा, त्यांना देव द्या. फक्त प्रत्येक नेम लिहिताना एवढं धरून चाला, की कुठंतरी एक बाई तो ऐकते आहे, आणि ती तो पाळणार आहे.