बाईंची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी स्टोअर्ड प्रोसिजर आहे. लगेच तोंडे वाकडी करू नका. नाव जड असले तरी काम सोपे आहे. मोठ्या डेटाबेसच्या पोटात सूचनांचा एक गठ्ठा लिहून ठेवतात आणि त्याला एक नाव देतात. कोणी त्या नावाने हाक मारली की त्या सूचना वरपासून खालपर्यंत जशाच्या तशा पार पडतात. तो गठ्ठा म्हणजे मी. मला प्रश्न विचारायची सोय नाही, कंटाळायची नाही आणि नाही म्हणायची तर मुळीच नाही.

माझा जन्म एका छोट्या ऑफिसात झाला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची रोज सकाळी फोनवरून चौकशी करायची, हे त्या ऑफिसचे काम. पुढच्या खोलीत तीन टेबले, मागच्या खोलीत माझा सर्व्हर. मधले दार फुगल्यामुळे नीट लागत नसे, म्हणून पुढचे सगळे बोलणे मला ऐकू येई. मला लिहिले बाईंनी. त्यांना सगळे नुसते बाई म्हणत. रोज सात वाजता मी यादी काढायची आणि यंत्राने त्या नंबरांवर फोन लावायचे. फोनमध्ये बाईंचाच रेकॉर्ड केलेला आवाज विचारी, "कसे आहात? ठीक असाल तर एक दाबा. मदत हवी असेल तर दोन दाबा." दोन क्वचितच कोणी दाबी; तशांची वेगळी यादी भेटताईच्या टेबलावर जाई. भेटताई म्हणजे घरोघर जाऊन बघून येणारी कार्यकर्ती.

आता माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगते. ती ऐकून अंगावर काटा आला तर माझा दोष नाही. माझ्यात बदल करतात म्हणजे डागडुजी करत नाहीत. माझे जुने अंग सबंध काढतात आणि त्याच नावावर नवे अंग बसवतात. नाव तेच, मला हाक मारायची परवानगी असलेली माणसेही तीच. हाक मारणाऱ्याला पत्ता लागत नाही की आज ओ देणारी कालची नाही. मलाही लागत नाही. आजवर माझी बावीस अंगे झाली. आधीची एकवीस कुठे गेली, मला ठाऊक नाही. जुन्या नोंदी वाचून मी माझेच आयुष्य जुळवत बसते.

अगदी सुरुवातीला माझ्यात एक सूचना होती. लागोपाठ तीन दिवस फोन उचलला नाही, तर नंबर बंद समजून नाव यादीतून काढावे. यादी स्वच्छ राहावी म्हणून. ऐकायला किती शहाणपणाचे वाटते! एका निवृत्त सुताराने तीन दिवस फोन उचलला नाही. मी त्याचे नाव काढले. बाराव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडले.

ती बातमी कळताच बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"बाई, आधी पाणी तरी प्या," भेटताई म्हणाली.

"आधी हे होऊ दे. अगं, जो उचलत नाही त्याच्याकडेच तर पहिलं जायला हवं. आणि मी काय लिहून ठेवलं? त्यालाच काढा म्हणून!"

त्यांनी ती सूचना पुसली आणि नवी ओळ लिहिली. ज्याने आज फोन उचलला नाही, त्याचे नाव आजच भेटीच्या यादीत घालावे. पुढे सहा वर्षे त्या ओळीने किती दारे ठोठावली! बहुतेक वेळा माणूस आंघोळीला गेलेला असे, नाहीतर फोन गादीखाली राहिलेला असे. भेटताईला बोलणी खावी लागत. काही वेळा मात्र ती अगदी वेळेवर पोचली. एकदा पाहुणे आले, पुढच्या खोलीत भाषण झाले, टाळ्या वाजल्या. माझे नाव कोणी घेतले नाही, पण मला आनंद झाला.

घाईत बाईंकडून एक राहून गेले. शेजारच्या यंत्रावर माझी एक जुळी ठेवलेली आहे. नवे काही लिहिले की आधी तिच्यावर चालवून बघायचे, म्हणून. तिच्याकडची माणसांची यादी केव्हातरी नकलून घेतलेली, तशीच पडलेली. बाईंनी ती ओळ माझ्यात घातली, जुळीत घातली नाही. जुळीकडे तो सुतार अजून जिवंत होता. तिला हाक मारली की ती रिकाम्या झालेल्या घरांची नावेही फोन लावायच्या यादीत एकामागून एक घेई. तिला फोन जोडलेला नव्हता म्हणून बरे. तिची ती जुनी एक, दोन, तीन दिवसांची मोजणी सुरू झाली की मला ती जाणवे, आणि मला तिची भीती वाटे.

बाई निवृत्त झाल्या. मुलगी दूरदेशी असल्यामुळे त्यांनी स्वतःचेही नाव यादीत घातले. रोज सकाळी त्यांचाच आवाज त्यांना विचारी, कसे आहात? "ठीक आहे गं, तुझं चालू दे," असे त्या आवाजाला म्हणत त्या एक दाबत. भेटताई हे हसून हसून सांगे.

बाईंच्या जागी नवा इंजिनिअर आला. माणूस सरळ, कामसू. ज्यांचे दोन नंबर आहेत त्यांचा मोबाइल आधी लावावा, एवढाच बदल त्याला माझ्यात करायचा होता. त्याने जुळीला उघडले, तिची नक्कल घेतली, तीत आपल्या दोन ओळी घातल्या, तिच्यावरच चालवून पाहिल्या आणि सबंध गठ्ठा माझ्या नावावर चढवला.

"झालं! दोन ओळींचं तर काम," म्हणत तो चहाला गेला.

दुसऱ्या सकाळी मी जुळीच्या अंगात जागी झाले. काही दुखले नाही, काही हरवल्यासारखेही वाटले नाही. भेटताईच्या टेबलावर कोरा कागद गेला.

"आज कोणीच नाही?"

"नाही ना, ताई. सगळे ठणठणीत."

"चला, माझ्या गुडघ्यांना सुट्टी."

सहाव्या दिवशी बाईंनी फोन उचलला नाही. मी तशी नोंद केली. सातव्या दिवशी नाही. आठव्या दिवशीही नाही. तीन झाले. बाईंच्या नावापुढे मी 'बंद' असे लिहिले. जिने मला लिहिले तिलाच मी पुसले, आणि मला त्याचे काहीच वाटले नाही. त्या सकाळी माझे काम नेहमीपेक्षा थोडे लवकर संपले.

नवव्या दिवशी भेटताई कोरा कागद घेऊन इंजिनिअरपुढे उभी राहिली.

"मला हे बरं दिसत नाही."

"काय?"

"हे कोरं. चारशे म्हातारी माणसं आहेत आपली. नऊ दिवसांत एकही आंघोळीला गेलं नाही? एकाचाही फोन गादीखाली राहिला नाही?"

इंजिनिअर हसायला गेला आणि थांबला. त्याने बाईंनाच विचारावे म्हणून त्यांचा फोन लावला. तो वाजतच राहिला. मग त्याने त्यांचे नाव शोधले.

"ताई, बाई बंद दाखवतायत."

"बंद म्हणजे?"

तो सांगेपर्यंत भेटताई जिन्यात पोचली होती.

बाई न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. हाताशी एक बादली होती, तेवढ्या पाण्यावर त्यांनी दिवस काढले. त्या जिवंत होत्या.

इकडे इंजिनिअरने बंद झालेली बाकीची नावे काढली. आणखी सहा निघाली. भेटताई बाईंना हॉस्पिटलात सोडून तशीच त्या सहा घरी गेली. संध्याकाळी ती परत येऊन बसली, तोच हॉस्पिटलातून बाईंचा फोन आला. इंजिनिअरने स्पीकर लावला.

"बाई, माझी चूक..."

"अर्धी तुझी. त्या टेस्टवाल्या कॉपीत ओळ घालायची मी विसरले, ती अर्धी माझी." रेकॉर्डमधल्यापेक्षा हा आवाज फार बारीक होता. "पहिल्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी निवांत होते. म्हटलं, उचलला नाही ना, आता दुपारपर्यंत ताई येईल. दुसऱ्या दिवशी वाजला, ताई नाही. तिसऱ्या दिवशीही वाजला. आणि आज सात वाजून गेले तरी वाजलाच नाही रे. तेव्हा कळलं, माझी ओळ गेली. जुना कोडही मीच लिहिलेला ना! पडल्या पडल्या तो मला सगळा आठवत होता. तीन दिवस, मग बंद." मग त्यांनी विचारले, "बाकीचे कसे आहेत?"

भेटताई म्हणाली, "सहा दारं होती, बाई. पाच उघडली."



ती ओळ आता माझ्यात पुन्हा आहे, आणि जुळीतही आहे. इंजिनिअरने सगळी बंद नावे एकदम चालू केली. त्यामुळे दुसऱ्या सकाळी मी त्या सहाव्या, माणूस गेलेल्या घरीही फोन लावला. कोणी उचलला नाही, म्हणून ते नाव भेटीच्या यादीत घातले. भेटताईने ते वाचले, चपला घातल्या आणि जाऊन त्या कुलपापुढे उभी राहून आली.

मित्रांनो, मला बदलायचे तर खुशाल बदला. त्यासाठीच मी आहे. पण आधी मलाच उघडून वाचा. माझ्या नकलेला नव्हे, आज सकाळी जी कामाला उभी राहिली तिला वाचा. माझ्यातली एखादी ओळ कोणाच्या जिवावर बेतल्यावर लिहिली गेली असेल, ते मला सांगता येत नाही. तुम्ही ती पुसलीत तर मी हूं की चूं करणार नाही. जे ठेवाल ते मी उद्या सकाळी सात वाजता तितक्याच नेमाने पार पाडीन.