क्लॅम्पवरचा हात

"सोड," पिराजी म्हणाला, आणि दोन बाजूंनी पाईप तोलून धरलेल्या शिवलिंगनं आणि नरसिंगनं हात काढले.

पाईप क्लॅम्पात अडकून राहायला हवा होता. तो राहिला नाही. अकरा पाईपांची लड सर्रकन बोअरमध्ये उतरली, लोखंड घासल्याचा आवाज खाली खाली जात राहिला आणि मग तळातून एक ठोका ऐकू आला. खडकवाडीच्या त्या एकुलत्या एका हातपंपाभोवती घागरी घेऊन चाळीस-पन्नास माणसं उभी होती.

पिराजी सोनकांबळे पंप-दुरुस्ती पथकाचा मिस्त्री. बहात्तरच्या दुष्काळात तो या कामाला लागला. तेव्हापासून बारा वर्षांत त्याच्या हातून एक पाईप पडला नव्हता. पिराजीचा हात म्हणजे शिकंजा, असं लोक म्हणत. कामाची रीत साधी होती. दोघांनी पाईप वर उचलायचा आणि मिस्त्रीनं क्लॅम्पची मूठ आवळायची. क्लॅम्पचे दात पाईपला चावले की तळहाताला बारीकसा धक्का बसतो. तो बसला की मिस्त्रीनं 'सोड' म्हणायचं आणि बाकीच्यांनी कसलाही विचार न करता हात काढायचे. सगळं पथक त्या एका शब्दावर चालायचं.

आज तो धक्का बसला की नाही, हे पिराजीला कळलंच नव्हतं. त्यानं आपलं अंदाजानं ठोकून दिलं होतं.

"शिवलिंग!" तो ओरडला. "झटका दिलास तू! हज्जारदा सांगितलं, हळू सोडत जा म्हणून!"

शब्द तोंडातून सुटला तेव्हाच तो खोटा आहे हे त्याला ठाऊक होतं. शिवलिंगनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. जणू ते हात दुसऱ्याच कुणाचे होते.

"दिला असंल दादा," तो हळूच म्हणाला. "माझ्या ध्यानात न्हाई आलं."

त्यानं भांडण केलं असतं तर पिराजीला बरं वाटलं असतं.

लातूरचा वेगळा जिल्हा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. कचेऱ्यांना नव्या पाट्या मिळाल्या, पाऊस मात्र मिळाला नाही. पाण्याची पातळी इतकी खाली गेली होती की प्रत्येक पंपाला दोन-दोन पाईप वाढवावे लागत. त्याच कामासाठी पथक इथं आलं होतं. आता वाढवणं दूरच, होता तोही पंप गेला. पडलेली लड निघाली नाही तर बोअर कायमचा बाद, आणि गावाला दीड कोसावरच्या विहिरीची पायपीट. शिवाय कुणाच्या तरी माथी हे मारावंच लागणार. शिवलिंग तीन वर्षं रोजंदारीवर होता. कायम करायच्या यादीत त्याचं नाव मागच्याच महिन्यात गेलं होतं.

संध्याकाळी रेणापूरला घरी आल्यावर पिराजी जेवला नाही. लड पडली आणि नाव शिवलिंगवर आलं, एवढंच त्यानं बायकोला, यशोदाबाईला, सांगितलं. ती भाकरी थापता थापता त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. महिन्यापूर्वी त्यानं तव्यावरची भाकरी उलटली होती, तेव्हा मांस जळाल्याचा वास आधी तिला आला होता आणि चटका त्याला नंतरही कळला नव्हता.

दर महिन्याला तो नांदेडला बहिणीकडे जातो असं सांगून जायचा, तो दवाखान्यात गोळ्या आणायला. गोळ्यांनी त्याचा रंग काळा पडला होता. पथकातले म्हणत, "दादा उन्हानं पार करपून राहिले." ऊन इतकं होतं की कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. दुष्काळाचा असा उपयोग फक्त पिराजीलाच झाला असेल.

डॉक्टर चांगला होता. "औषध सुरू झालंय, आता तुझ्यापासून कुणाला होणार नाही," म्हणाला होता. पण ही गोष्ट डॉक्टरला माहीत असून काय उपयोग? ती गावाला माहीत हवी ना!

"शिवलिंगला काढतील का वं?" यशोदाबाईनं शेवटी विचारलं.

"काढतील."

"मग सांगून टाका की."

"काय सांगू? महारोग हाय म्हणून सांगू?" पिराजी उसळला. "माझा बाप विहिरीच्या कट्ट्याखाली ओंजळ धरून उभा राहायचा. कुणी वरून वतंल तवा प्यायचा. मी त्याच गावात पंप बसवला. माझा हात लागल्याबिगर गावाला पाणी भेटत न्हाई. तो हात मी सोताहून मागं घेऊ?"

यशोदाबाईनं भाकरी टोपल्यात टाकली.

"त्ये लेकरू तुमच्या शब्दावर हात काढतंय," ती म्हणाली. "तुमच्या बापाला लोकांनी लांब ठेवलं, पर कुणी फसवलं तर न्हवतं."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास उपअभियंता पंचाक्षरी साहेब जीप घेऊन खडकवाडीला आले. सोबत बोअरमध्ये पडलेला पाईप पकडायचं हत्यार होतं. पथकात त्याला गळ म्हणत. माणसं कालच्यापेक्षा जास्त जमली होती. साहेबांनी कागद काढला.

"झटका कुणी दिला?"

"मी साहेब," शिवलिंग म्हणाला. "दादांचा क्लॅम्प कधी चुकत न्हाई. माझंच काही तरी झालं असंल."

तो हे सोंग म्हणून बोलत नव्हता. रात्रभर विचार करून त्यानं ते खरं मानलं होतं. आपण एका माणसाला त्याच्या स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवायला लावला, हे त्याला तेव्हा लख्ख कळलं.

पंपाचं लोखंडी डोकं ओट्यावर काढून ठेवलेलं होतं. वैशाखाच्या उन्हात ते असं तापलं होतं की सकाळी एका पोरीनं चुकून हात लावला आणि किंचाळली. पिराजी ओट्यावर चढला आणि त्यानं आपला उजवा पंजा कडेनं त्यावर टेकवला. टेकवला तो तसाच ठेवला.

"दादा, आवो हात!" नरसिंग ओरडला.

"मला चटका कळत न्हाई," पिराजी म्हणाला. "आठ महिने झाले. महारोग हाय. नांदेडला औषध चालू हाय. काल क्लॅम्प चावला न्हवता, साहेब. मला समजलंच न्हाई आन् मी सोड म्हणलो. ह्या पोरानं झटका दिला न्हाई. मी खोटं बोललो."

गर्दी दोन पावलं मागं सरकली. एका बाईनं ओट्यावरची आपली घागर उचलून पदराआड घेतली. साहेबसुद्धा अर्धं पाऊल मागं गेले, मग शरमून होते तिथं परत आले. पिराजीनं हे सगळं पाहिलं. याचीच तर भीती होती, आणि ती तशीच्या तशी खरी ठरली होती.

शिवलिंगनं पुढं येऊन त्याचा हात लोखंडावरून ओढून काढला.

"लई वाईट केलं दादा," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. "तीन वर्सं तुमच्या सोड म्हणण्यावर सोडलं. काल घरी गेलो तर मला पाण्याचा तांब्या धरवना. मला सांगितलं असतं तर मी क्लॅम्प धरला असता. एवढंच होतं ना?"

"एवढंच होतं," पिराजी म्हणाला. याहून दुसरं खरं उत्तर नव्हतं.

मग नरसिंग खाकरला. तो गाडी चालवायचा, आणि पाईपाच्या डाव्या बाजूला नेहमी तोच असायचा.

"साहेब, लिवत असाल तर माझं बी लिवा," तो म्हणाला. "मला डाव्या डोळ्यानं धुरकट दिसून राहिलं. मोतीबिंदू हाय म्हणतेत. गाडी जाईल हातची म्हणून बोललो न्हाई."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, या तिघांकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. "आधी लड काढा," ते म्हणाले. "अहवालात शिवलिंगचं नाव येणार नाही. बाकीचं मी वर बोलून बघतो. पिराजी, तू क्लॅम्पला हात लावायचा नाहीस. पण काम तूच सांगायचं. हे दुसऱ्या कुणाला येत नाही."

गळ सोडण्याआधी शिवलिंग थांबला.

"दादा, आधी इचारा."

"काय इचारू?"

"कुणाचं काय दुखतंय ते."

पिराजीनं विचारलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच. नरसिंगनं डोळा सांगितला आणि पाईप चांगल्या डोळ्यासमोर येईल अशी बाजू बदलून घेतली. शिवलिंगनं सांगितलं की कालपासून खांदा भरलाय. मग वजन उचलायला गावातले दोघे पुढं झाले आणि शिवलिंगनं क्लॅम्प घेतला. पिराजी बाजूच्या दगडावर बसला. हाताला कळत नव्हतं, पण कान शाबूत होते. गळ पाईपात फसल्याचा आवाज त्यालाच आधी कळला.

लड निघायला दोन दिवस लागले. दर पाईपाला 'सोड' शिवलिंग म्हणत होता, आणि म्हणण्याआधी एकदा पिराजीकडे बघत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पंप जोडून झाला आणि पाण्याची धार आली. पथकाची रीत अशी की पहिली ओंजळ मिस्त्रीनं प्यायची, मग गावानं भरायचं. पिराजी जागचा उठला नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी धुरपताबाई नावाची एक म्हातारी तांब्या भरून त्याच्यापुढं आली.

"घे बाबा. तुजी रीत हाय ना," ती म्हणाली.

तिनं तांब्या त्याच्या हातात दिला नाही. वरून धरला. पिराजीनं ओंजळ पुढं केली. अशीच ओंजळ धरून उभा असलेला बाप त्यानं लहानपणी पाहिला होता. म्हातारी वाईट नव्हती. भीत भीत का होईना, आली तर तीच आली होती.

पाणी पडलं. थंड की कोमट, ते उजव्या हाताला कळलं नाही. वळलेल्या बोटांतून निम्मं पाणी खाली गळायला लागलं.

शिवलिंग त्याच्याशेजारी उकिडवा बसला आणि त्यानं आपली ओंजळ पिराजीच्या ओंजळीखाली धरली.

"पाणी सांडून राहिलंय दादा," तो म्हणाला, आणि गळालेलं पाणी पिऊन टाकलं.

मग त्यानं रिकामी ओंजळ पुन्हा तिथंच धरली. धुरपताबाई तांब्या भरायला पंपाकडे वळली.